गिरणीतला ठेका

वालूरला आमची पिठाची गिरणी आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. या धंद्यात एक गोष्ट लहानपणीच कळते, की गिरणीवाल्यावर कुणाचा भरवसा नसतो. बाई डबा घेऊन येते, गहू ओतते आणि शेवटची चिमूट पडेपर्यंत समोरून हलत नाही. तिचं लक्ष पिठाकडे कमी आणि माझ्या हातांकडे जास्त. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन म्हणणार, "काल जरा कमी भरलं व्हतं का वो?" आता पीठ उडतं, दगडाला बसतं, माझ्या मिशीतही जातं, हे किती जणींना सांगू? ओंजळभर पीठ चोरून मी माडी बांधणार आहे का? पण जन्मभर असं कुणाच्या तरी डोळ्यांखाली उभं राहिलं की तीच नजर आपल्यालाही येते. लोक माझ्यावर संशय घ्यायचे आणि मी बाकीच्या जगावर घ्यायचो.

गिरणी चालू असताना कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळं बोटांवर चालतं. मी भुवया उंचावून एक बोट दाखवलं की बारीक का, दोन दाखवली की जाड का. बाई तितकीच बोटं वर करते, मी दगड कसतो किंवा सैल सोडतो. हे वडिलांनी लावलेलं वळण. कानावर मात्र माझा फार विश्वास. दगडाच्या घरघरीवरून ज्वारी ओली आहे की वाळलेली, हे मी पाठ करून उभा असलो तरी सांगतो. गावात कुणीही सांगेल.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे. नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना त्याने घरी आणून ठेवला आणि म्हणाला, "आप्पा, याच्यावर गाणी, ठेके, सगळं तयार करता येतंय. शिकवनारे व्हिडिओ बी फुकट हायत."

मी आधी एवढंच विचारलं, "फुकट कामून?"

तो नुसता हसून चार्जर जोडायला लागला. त्यामुळे तर मी जास्तच सावध झालो.

पण गरज माझीच होती. आमच्या मठात दर सोमवारी शिवभजन असतं. तरुणपणापासून मी तिथे टाळ वाजवतो. आमचे मृदंगवाले लेकीकडे नांदेडला राहायला गेले आणि भजनाचा पायच मोडला. म्हातारे बुवा गाता गाता लय सोडून पुढे पळायचे आणि आम्ही टाळकरी मागून धापा टाकत यायचो. त्यात सगळ्यांचेच टाळ अलीकडे बद्द वाजायला लागले होते. माझे तर अगदीच. पूर्वी कसे खणखणायचे! भांड्याच्या दुकानदाराने पितळेत काहीतरी भेसळ केली असणार, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. दुसरा मृदंगवाला मिळेना, तेव्हा वाटलं, ठेका आपणच तयार करावा. तो एकदा लॅपटॉपच्या पेटीत बसवला की नांदेडला तरी जाणार नाही.

आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा डोकं कशात तरी गुंतवायचंच होतं. कारण घरात काहीतरी शिजत होतं.

बायको माझ्याशी बोलताना आवाज बारीक करायला लागली होती. ओठ हलायचे, शब्द धड यायचे नाहीत. "काय?" म्हटलं की "काई न्हाई" म्हणून उठून जायची. मुलाशी फोनवर मात्र तासन्‌तास. मी आत आलो की त्याचा आवाज फोनमधून मला चांगला कळायचा, "बरं आई, बगू," वगैरे. हिचं तेवढं कळायचं नाही. म्हणजे कान ठीक होते, बोलणाऱ्याच्या मनात खोट होती. एकदा मुलगा सुट्टीवर आला आणि दोघं मला न सांगता सकाळीच परभणीला निघून गेली. संध्याकाळी परत आली ती गप्प. पुढे काही दिवसांनी ती भरदुपारी गिरणीत आली, हातात डबा नाही, पिशवी नाही. दारात उभी राहिली, काहीतरी पुटपुटली आणि तशीच परत गेली. मी जागेवर आहे की नाही हे बघायला मुलाने पाठवली असणार, दुसरं काय? गिरणी विकून मला पुण्याला नेऊन बसवायचं आणि परभणीत त्याचीच बोलणी करून आले, अशी माझी खात्री झाली. रोज जेवताना मी तिच्या तोंडाकडे बघायचो. आज सांगेल, उद्या सांगेल. तिचं तोंड बंद. तिच्या हातची भाकरी खायची आणि मनात तिच्यावरच पाळत ठेवायची, हे मला सोपं जात होतं असं नाही. आत कुठेतरी फार दुखायचं.

दुपारी आमच्याकडे लाईट जाते. गिरणी बंद पडली की मी लॅपटॉप पोत्यांच्या थप्पीवर ठेवायचो, मोबाईलचं नेट जोडायचो आणि शिकायला बसायचो.

शिकवणारा एक उत्तरेकडचा पोरगा होता. उलटी टोपी, मागे जांभळा दिवा, हिंदी इतकी भरभर की मला प्रत्येक वाक्य मागे घेऊन ऐकावं लागायचं. त्यातही टोपीवाला काही शब्द खाऊन टाकायचा. दर थोड्या वेळाने घंटी दाबा म्हणायचा. याला यातून काय मिळतं, हे मी पहिल्या दिवसापासून शोधत होतो. आमच्या गिरणीत कुणी पावशेर डाळ फुकट भरडून मागितली तर मी देत नाही, आणि हा ओळख ना पाळख, अख्खी विद्या वाटत सुटला होता.

पहिला पुरावा लवकरच हाती आला. त्याने सांगितलेला प्रोग्राम फुकट उतरवून घेतला, बरेच दिवस खपून एक ठेका बसवला, जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी उघडायला गेलो तर उघडेना. विकत घ्या, मग उघडतो, असं पडद्यावर आलं. मी मुलाला फोन करून म्हणालो, "बग, मनलं व्हतं का न्हाई?" इतका आनंद मला तो ठेका उघडला असता तरी झाला नसता. मुलाने दुसरा, खरोखरच फुकट असलेला प्रोग्राम घालून दिला. त्यात काही खोट निघाली नाही. मला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

हळूहळू हात बसला. पडद्यावर चौकटींच्या ओळी असतात. ज्या चौकटीत टिंब द्यावं तिथे ठोका पडतो. मृदंगाची थाप कुठे, चाट कुठे, हे मला हातात माहीत होतं, ते आता डोळ्याने मांडायचं. धुमाळी बसली, भजनी ठेका बसला. मृदंगाचा घुमारा त्या लहान पेटीतून असा भरून यायचा की अंगावर काटा यायचा. दळणाची वेळ होऊनही मी उठायचो नाही.

मग खुळखुळ्याचा धडा आला. टोपीवाला म्हणाला, आता यात मी एक बारीक खुळखुळा घालतो, बघा गाण्यात कसा जीव येतो. त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. त्याने बंद केलं, पुन्हा दाबलं, स्वतःच डोळे मिटून डोलायला लागला. मी कान लॅपटॉपला टेकवला. आधीचं आणि नंतरचं, तीळमात्र फरक नाही. खाली लोकांचे शेरे होते, व्वा भाई, काय फरक पडला, जादू झाली. मी मनात म्हटलं, सापडलास! हे शेरे लिहिणारे सगळे याचेच पोसलेले. मी मुलाला विचारून हिंदीत खरमरीत शेरा लिहिला, की खुळखुळा वाजतच नाही, लोकांना का फसवता?

संध्याकाळपर्यंत त्याचं उत्तर आलं. अंकल, हेडफोन लावून ऐका.

अच्छा, म्हणजे हेडफोन विकायचे आहेत तर! तरीही मी सेलूला जाऊन हेडफोन आणले. खुळखुळा नाही तो नाहीच. पुन्हा सेलूला गेलो आणि दुकानदाराला सुनावलं की माल डुप्लिकेट आहे. त्याने कानाला लावून ऐकला आणि म्हणाला, "काका, मस्त वाजायलाय की." तोही त्यांना सामील आहे, हे मला त्याच्या हसण्यावरून कळलं.

ठेका तयार झाला. वर टाळही घातले, कारण मठातल्या भेसळीच्या टाळांवर माझा विश्वास राहिला नव्हता. पण या प्रोग्रामातले टाळही सुरुवातीला बद्दच वाजायला लागले! मी त्यांचा आवाज चढवत गेलो. त्यातला तीक्ष्णपणा वाढवायची एक दांडी असते, ती वर वर सरकवली, पार टोकाला नेली, तेव्हा कुठे जुन्या टाळांची थोडी खणखण कानात आली. मला भरून आलं. हेच तर हवं होतं.

सोमवारी मठात लॅपटॉप स्पीकरला जोडला आणि बटण दाबलं. पहिल्याच आवर्तनाला बुवांनी तोंड असं केलं, जसं काही दाताखाली खडा आला. पुढे बसलेल्या एका लेकराने रडायला सुरुवात केली. बायकांच्या बाजूला बघितलं तर माझ्याच बायकोने पदर कानावर घट्ट धरलेला. भजन कसंबसं संपलं. बुवा म्हणाले, "लय चांगलं जमवलंव. मृदंग तर खराच वाटायलाय. फकस्त टाळ तेवढे कमी करा."

मी बरं म्हणालो, पण मनात काय ते समजलो. इतकी वर्षं यांच्यात मी मागे बसून टाळ कुटले. आता माझ्या ठेक्यावर भजन चालणार, हे त्यांच्या पोटात दुखत होतं. आणि हिने कानावर पदर धरावा? स्वतःच्या बायकोने, चारचौघांत? त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. तिने काही विचारलंही नाही. निदान मला ऐकू येईल असं काही विचारलं नाही.

त्यानंतर एक-दोन दुपारी मी रागाने लॅपटॉप उघडलाच नाही. मग राहवेना म्हणून उघडला. पुढचा धडा वेगळाच होता. टोपीवाला म्हणाला, ठेका करायच्या आधी आपले कान ओळखा. मी एक शिट्टी वाजवतो, ती हळूहळू बारीक होत जाईल, पडद्यावर आकडा चढेल. जिथे थांबली असं वाटेल तिथे आकडा बघून ठेवा.

शिट्टी सुरू झाली. बारीक होत होत चढली आणि लवकरच थांबली. आकडा मात्र चढतच होता. मी म्हटलं, व्हिडिओ बिघडला. तेवढ्यात चहा घेऊन आलेली बायको दारातच थबकली आणि कपाळाला आठ्या घालून, हात हलवत जोरात म्हणाली, "बंद करा की ते! कानात सुई घातल्यावानी होयलंय."

"काय बंद करू? काई वाजंनाच."

"कसं वाजंना? केवढ्यानं वाजायलंय!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण भलत्याच गोष्टीचा. मला बहिरा ठरवायचा डाव होता. म्हातारा झाला, ऐकू येत नाही, आता गिरणी कशी चालवणार? मग विका गिरणी. मायलेकांनी मिळून काय छान जुळवून आणलं होतं! पण गिरणीवाल्याला फसवणं एवढं सोपं नाही. मी म्हटलं, तुलाच आता पकडतो.

तिला मी पोत्यावर बसवलं, लॅपटॉपकडे पाठ करून. समोर भिंत. म्हटलं, "वाजलं की बोट वर कर. बंद झालं की खाली." शिट्टीचा आकडा जिथे माझ्यासाठी आवाज केव्हाच संपला होता, तिथे नेऊन ठेवला. आणि तिच्या पाठीमागे, मुकाट्याने, कधी चालू करायचो, कधी बंद.

चालू केलं. बोट वर गेलं. बंद केलं. बोट खाली आलं.

योगायोग असेल म्हणून मी बराच वेळ काहीच केलं नाही. खोटं बोलणारं माणूस अशा वेळी चुकतं, अंदाजाने बोट वर करतं. तिने केलं नाही. उलट म्हणाली, "झालं का? चहा गार व्हायलाय." मी चालू केलं. बोट वर. लगेच बंद केलं, लगेच चालू केलं, बोटाने तसंच केलं. बटण दाबल्याचा आवाज येत असेल म्हणून शिट्टी न वाजवता भलतंच बटण दाबून बघितलं. बोट हललं नाही. सगळ्या गावाच्या बायका वर्षानुवर्षं माझ्या हातांकडे बघत आल्या, तसा मी तिच्या त्या एका बोटाकडे बघत होतो. कुठेतरी चुकावं म्हणून मी अक्षरशः देवाला हात जोडले. ते बोट एकदाही चुकलं नाही.

मी हात खाली सोडले. बराच वेळ काही होत नाही म्हणून तिने मागे वळून बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. ती उठून जवळ आली, समोर बसली आणि नीट माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमाला खरंच येत न्हाई?"

गिरणी बंद, ती हातभर अंतरावर, तोंड माझ्याकडे. शब्द अन् शब्द कळला. मी मान हलवली.

ती एकदम रडायला लागली. मी घाबरलो. "आगं, थोडं कमी येतंय, त्यात रडायचं काय?"

"मला वाटायचं, तुमी मुद्दाम करायलाव."

"काय मुद्दाम?"

"गळ्याला गाठ आली व्हती मला." तिने पदर सारून जागा दाखवली. "तुमी जेवत व्हता तवा सांगितलं. मनलं, डाक्टर मनलेत परभणीला जाऊन दाखवा, मला लय भ्या वाटायलंय. तुमी भाकर मोडली आन् मनलाव, आमटीत मीठ कमी हाय."

मी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

"मग पोराला फोन केला. त्यो आला, त्यानं नेलं. सुई टाकून तपासायला घेतलं. रिपोर्ट येस्तोवर मी रोज तुमच्या तोंडाकडं बगायचे. वाटायचं, आज तरी इचारतील."

"आन् रिपोर्ट?"

"साधी निघाली. ते बी सांगितलं की. फोन आला तशी पळत गिरणीत आले तुमाला सांगायला."

ती दुपार मला जशीच्या तशी आठवली. दगड घरघरत होता. ती दारात उभी होती, डबा नाही, पिशवी नाही, डोळे भरलेले. पिठाच्या धुरळ्याने असतील असं मी समजलो होतो. तिचे ओठ हलले. आणि मी भुवया उंचावून तिला एक बोट दाखवलं होतं, मग दोन. बारीक का जाड?

"मग मी तुमाला सांगायचंच सोडलं," ती म्हणाली. "जे काई असंल ते पोराला सांगायचे. टमाट्याचं, गुडघ्याचं, शेजारनीचं. कुनाला तरी सांगावंच लागतंय की."

पुण्याचा, गिरणी विकण्याचा विषय त्या घरात कधी निघालाच नव्हता. तो फक्त माझ्या डोक्यात दळला जात होता.

पुढे परभणीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बरोबर तीच होती, या खेपेला मला सांगून. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं गिरणी, वर टाळ, त्याने बारीक आवाज आधी जातात. बायकांचं, लेकरांचं बोलणंही अर्धंच पोचतं. भांड्याच्या दुकानदाराची पितळ शुद्ध होती तर. मी कानाचं यंत्र घेतलं. ते लावलं की ताट-वाट्या डोक्यात आपटल्यासारखं होतं, आणि कंपनीने मला जुनाच माल दिला असावा असं अजूनही वाटतं. पण समोर बसून ती बोलते ते कळतं. टोपीवाल्याला मी पुन्हा शेरा लिहिला, की खुळखुळा वाजतो, माझी चूक झाली. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तो फुकट का शिकवतो, ते अजून कळलेलं नाही.

ठेक्यातले टाळ मी पुन्हा बसवायला घेतले. दुपारी ती पोत्यावर बसली, आता तोंड माझ्याकडे करून. मी दांडी खाली ओढायचो, ती म्हणायची, "आनखीन कमी. आनखीन." माझ्यासाठी ते टाळ केव्हाच बद्द झाले होते, मग तेही गेले, नुसता मृदंग उरला. दांडी माझ्या हातात होती आणि मी काय करतोय ते मलाच ऐकू येत नव्हतं. तिने हात वर करून थांबवलं. "हां. आता कसे गोड वाजायलेत."

सोमवारी मठात बटण दाबलं. बुवांनी डोळे मिटले आणि गायला लागले. यंत्र मी खिशात ठेवलं होतं. त्या गजरात ते कानात ठेवणं शक्य नव्हतं. मला मृदंग ऐकू येत होता, बुवा ऐकू येत होते. टाळांच्या जागी काही नव्हतं. ते वाजत आहेत की मी चुकून पुसूनच टाकले, जुनी शंका पुन्हा वर आली आणि मी बायकांच्या बाजूला बघितलं.

ती माझ्याकडेच बघत होती. तिने मांडीवरून हात उचलला आणि एक बोट वर केलं. आणि भजन संपेपर्यंत तसंच धरून ठेवलं.